आक्काचा पाय आणि माझं रक्त

भोरला माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून पोट भरणारा माणूस मी. पण स्वतःच्या नडगीवर उठलेले निळे डाग काही मला नीट दिसले नाहीत. काउंटरचा कोपरा लागला असेल, म्हटलं. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर मी ब्रश बदलला. जिना चढताना धाप लागली, तर वजनाला दोष दिला. पुढं वजन उतरायला लागलं तेव्हा त्याचं श्रेय पथ्याला दिलं. पथ्य कोणतं, तर जेवणानंतरचा पेढा बंद केला होता, तोही रोज आठवणीनं नाही.

शेवटी वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हाताला धरून रक्त तपासायला नेलं. संध्याकाळी रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. लॅबमधला माणूस ओळखीचा, त्याच्या आईचा चष्मा माझ्याकडचाच. एरवी लांबूनच "या, बसा" म्हणणारा तो, त्या दिवशी कागद हातात धरून उभाच राहिला आणि म्हणाला, "एकटेच आलात? वहिनी नाही आल्या?"

आजाराचं नाव मला नंतर पुण्यात कळलं. रक्ताचा कर्करोग. पण खरं कळलं ते त्या प्रश्नात. मी "तिला काम होतं" असं काहीतरी बोललो, बाहेर आलो आणि स्कूटरला तिची किल्ली सोडून दुकानाची किल्ली लावत बसलो.

आमच्या घरी लग्नकार्य असलं की पंगतीत मला मध्ये बसवतात, कारण मला गोष्टी सांगता येतात. त्या संध्याकाळी मात्र घरी जाऊन एक वाक्य सांगायचं होतं, तर ते जमेना. कागद वैशालीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, "जरा बघ, नंबर बरोबर आहेत का." तिनं बघितलं. गॅस बंद केला. "पुण्याला कधी निघायचं?" एवढंच विचारलं.

ज्यांच्या घरी असा कागद नुकताच आला आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं विचारू नका. मला ती तेव्हाही पाठ झाली नाहीत, आणि तुमची वेगळीच असतील.

राब

पहिले काही महिने केमोचे गेले. केस गेले, मिशी गेली. आरशातला माणूस पाहिला की हा कुणाचा तरी मामा असावा असं वाटायचं. रक्त थोडं ताळ्यावर आलं तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर भागणार नाही. हाडांच्या आतला मगज, जिथं रक्त तयार होतं, तोच बदलावा लागेल. देणारं सख्खं भावंड असेल तर उत्तम.

मला सख्खं भावंड एकच. थोरली बहीण, आक्का. वेल्ह्याच्या रस्त्याला विंझरला दिली आहे. घरची भातशेती, दोन म्हशी आणि भाऊजी, ह्या क्रमानं ती सगळ्यांना सांभाळते. तिचं रक्त तपासलं आणि माझ्याशी जुळलं.

मॅडमनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. आधी पूर्ण शरीराला किरण द्यायचे, डोक्यापासून पायापर्यंत. जुना मगज सगळा मारायचा, लपून राहिलेल्या आजारासकट. मग आक्काच्या रक्तातल्या बीजपेशी माझ्या रक्तात सोडायच्या. त्या आपोआप हाडांत जाऊन रुजतात.

आक्का पदर सावरून म्हणाली, "म्हंजी राब भाजायचा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, की आमच्याकडं भाताचं बी टाकायच्या आधी त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजून घेतात. तण मरतं, मग पेरतात.

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

"आन् भाजल्यावर बी पडलंच न्हाई तर?"

मॅडम म्हणाल्या, "ताई, तर मग काहीच उगवत नाही. रक्त तयार होणंच थांबतं. म्हणून एकदा किरण सुरू झाले की परत फिरता येत नाही. तुमची तब्येत त्या दिवसांत ह्यांच्याइतकीच महत्त्वाची आहे."

"माज्या तब्येतीला काय धाड भरलीया?" आक्का म्हणाली. त्या वेळी आम्ही तिघंही हसलो.

पेटीतला माणूस

किरणांच्या आधी मापं घेतात. शिंप्याकडं घेतात तशीच, फक्त इथं कपडे शिवायचे नसतात. मान केवढी, छाती केवढी, पोट केवढं, घोटा केवढा, सगळं. मापं घेणारा तंत्रज्ञ तरुण होता, सगळ्या पेशंटना काका नाहीतर काकू म्हणायचा.

"काका, शरीर सगळीकडं सारखं जाड नसतं ना. किरण मात्र सगळीकडं सारखेच पोचायला हवेत. म्हणून बारीक जागा आम्ही भरून काढतो."

"कशानं?"

"तांदळानं."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्यानं खरोखरच ट्रॉलीवरून तांदळाच्या शिवलेल्या पिशव्या आणल्या. मी पारदर्शक प्लास्टिकच्या एका लांबट पेटीत आडवा. त्यानं मानेशी पिशव्या लावल्या, दोन्ही पायांच्या मध्ये लावल्या, घोट्यांपाशी रचल्या. पोटापाशी एकही लागली नाही. हे त्यानं मदतनीस बाईंना मोठ्यानं सांगायची काही गरज नव्हती.

आता आम्ही भाताच्या मुलखातली माणसं. तांदूळ दिसला की हात आपोआप मूठ भरून नाकाशी नेतो. इथं हात बांधलेले नव्हते, पण हलवायचे नव्हते.

"इंद्रायणी आहे की आंबेमोहर?"

"काका, तांदूळ आहे."

"जुना की नवा?"

"काका, आता अजिबात हलायचं नाही."

तो बाहेर गेला. जाडजूड दार हळूहळू सरकत बंद झालं आणि खोलीत मी एकटा राहिलो. मशीन लांब, भिंतीपाशी. तिथून एक कंटाळवाणा आवाज सुरू झाला, पिठाच्या गिरणीत दाणे संपल्यावर येतो तसा.

खरं सांगतो, काहीच होत नाही. दुखत नाही, भाजत नाही, उजेडसुद्धा दिसत नाही. तेच भयंकर होतं. कुणीतरी आपल्याला आतून जाळतंय आणि चटकासुद्धा बसत नाही. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, पण खाजवायचं नाही. आणि डोक्यात एकच विचार फिरायला लागला. आमच्यात माणसाच्या अंगाला तांदूळ दोन वेळा लागतात. एकदा लग्नात अक्षता म्हणून, आणि एकदा शेवटी. मी मनाशी घट्ट लग्नच धरून ठेवलं. वैशालीच्या मुंडावळ्या, तिच्या मामाचा घट्ट कोट, करवल्यांची भांडणं. भटजींपर्यंत आलो की पुन्हा वऱ्हाड उतरण्यापासून सुरुवात. भिंतीतल्या स्पीकरमधून आवाज आला, "छान काका, अर्धं झालं. आता कूस बदलायची." वरात राहिली.

सकाळ-संध्याकाळ असं ते चालायचं. पहिल्या संध्याकाळी गाल सुजले. दुसऱ्या दिवशी तोंड असं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटून बसायची. उलट्या सुरू झाल्या. जंतू लागू नयेत म्हणून मला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. वैशाली काचेपलीकडून बघायची आणि फोनवर म्हणायची, "गाल भरलेत हो, छान दिसताय." खोटं बोलायला ती माझ्याकडूनच शिकली.

चपला

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ह्याच दिवसांत आक्काला रोज पोटावर इंजेक्शन सुरू होतं. त्यानं बीजपेशी हाडांतून सुटून रक्तात येतात, मग त्या मशीननं गोळा करतात. ह्या इंजेक्शननं अंग ठणकतं, थोडी कसकस येते, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. आक्का वैशालीबरोबर हॉस्पिटलजवळच्या भाड्याच्या खोलीत उतरली होती. भातकापणी उरकून, एसटीनं आली होती. अनवाणी. वैशालीनं विचारलं तर म्हणाली, "चप्पल तुटली गाडीत चढताना." वैशालीनं नवी घेऊन दिली. ती पलंगाखाली गेली आणि तिथंच राहिली. आक्का जरा लंगडत होती. विचारलं तर, "इंजिक्शननं हाडं दुकत्यात की."

त्या दोघींचं आधीपासूनच तोलून मापून चालतं. आक्काला वाटतं वैशाली भाजीत गूळ घालून तिच्या भावाचा जीव घेणार. वैशालीला प्रश्न पडतो, आक्का प्रत्येक फोन "बाळू वाळलाय", म्हणजे मी वाळलोय, ह्याच वाक्यानं का सुरू करते. त्यामुळं वैशालीनं फार खोदून विचारलं नाही.

काचेच्या खोल्यांच्या बाहेर एक बोळ आहे. तिथं यायचं तर बाहेरच्या चपला काढून हॉस्पिटलच्या रबरी सपाता घालायच्या, हा नियम. किरणांच्या शेवटच्या दिवशी सकाळी आक्का मला बघायला आली. सिस्टरनी सपाता पुढं केल्या.

"म्या न्हाई घालत."

"आजी, घालाव्याच लागतात."

"आजी कुनाला म्हनतीस गं? पाय धुवून येते, मंग तर झालं?"

"पाय धुवून चालत नाही. इथले पेशंट नाजूक असतात."

"म्हायती हाय. त्यातला एक माजा भाऊच हाय."

मी काचेतून बघतोय, ऐकू काहीच येत नाही, नुसते हातवारे. हे संभाषण मला नंतर वैशालीनं सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की सिस्टर आक्काच्या पायात सपाता चढवायला खाली वाकल्या, त्यांनी लुगड्याचा काठ वर केला, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. मग सरळ होऊन त्यांनी कुणाला तरी जोरात हाक मारली. आक्काच्या उजव्या पायाला फडकं बांधलेलं होतं. हळदीनं पिवळं, आणि वर घोट्यापर्यंत पाय तकतकीत लाल.

मॅडम आल्या. ताप बघितला. ज्याला आम्ही इंजेक्शनची कसकस समजत होतो, तो पायाचा ताप होता.

थोड्या वेळानं मॅडम मास्क लावून माझ्या खोलीत आल्या. खुर्चीवर बसल्या. डॉक्टर खुर्चीवर बसले की मला भीती वाटते. उभ्या उभ्या सांगतात ती बातमी बरी असते.

"ताईंच्या पायात काहीतरी घुसलेलं आहे. पू झालाय. तो फक्त पायापुरताच असेल तर आपण सांभाळून घेऊ. पण जंतू रक्तात उतरले असतील, तर ते रक्त तुम्हाला देता येणार नाही. रक्त तपासायला लावलंय. जंतू वाढतात का ते बघायला वेळ लागतो."

"आणि माझे किरण?"

"आज संध्याकाळचा शेवटचा. तो घ्यावाच लागेल, बाळासाहेब. आता अर्ध्यात थांबून काही मागं येत नाही."

म्हणजे राब भाजून झाला होता आणि बियाणाची खात्री नव्हती. मी मान हलवली. मोठं धीराचं काहीतरी बोलावं असं वाटलं, पण तोंड इतकं कोरडं होतं की नुसता टाळूचा आवाज आला.

फोनवर

काचेच्या आत एक फोन असतो आणि बाहेर एक. दुपारी आक्काला चाकाच्या खुर्चीवर काचेपाशी आणलं. पाय स्वच्छ करून पट्टी बांधली होती, हाताला सलाईन. पायात अजूनही सपाता नव्हत्या. वैशाली शेजारी उभी, डोळे लाल.

"आक्का, चप्पल का नाही घालत?"

तिनं पदरानं पट्टी झाकली.

"काय लागलं पायाला?"

"धसकट. भात कापल्यावर ऱ्हातं त्ये. लई न्हाई लागलं."

"कापणीला अनवाणी कशाला गेलीस?"

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "सांगितला तर फळत न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवस! भाऊ घरी परत येईपर्यंत पायात काही घालायचं नाही, असा आमच्या मेंगाईदेवीला बोललेला नवस. बोलली ती, हे नंतर कळलं, रिपोर्ट आला त्याच आठवड्यात, आणि कुणाला सांगितलं नाही. भाऊजींनासुद्धा चप्पल कुत्र्यानं नेली म्हणाली होती. मॅडमकडं आली होती तेव्हाही लुगड्याखालचे तिचे पाय आम्ही कुणी बघितले नव्हते. माझा जीव वाचावा म्हणून तिनं पाय उघडा ठेवला, आणि त्याच पायातून माझा जीव जायची वेळ आली होती.

मी काही बोलायच्या आधी वैशालीनं आक्काच्या हातातला फोन ओढून घेतला. "वन्सं, नवसच करायचा होता तर साखर सोडायची, वांगं सोडायचं! चपला कशाला सोडल्या? शेतात राबणाऱ्या बाईनं?"

"साखर सोडून कुनाला काय पडलंय?" आक्का ओरडली. "आपल्याला जड जाईल असं काय तरी द्याया लागतं!"

"अहो पण आता ह्यांना जड जातंय!"

दोघीही रडायला लागल्या. मी आतून काच ठोठावली. फोन आक्काकडं गेला.

"आक्का, तो नवस माझ्या नावावर कर. मी पलंगावरच आहे, तसाही अनवाणीच."

"नवस काय सातबारा हाय व्हय, नावावर कराया? आन् झोपून कसला आलाय अनवाणी!" ती नाक पुसत म्हणाली. "देवीला शब्द दिलाय बाळू. आता मोडला आन् तुला कायी झालं, तर म्या कुटं तोंड दाखवू?"

मॅडमनी सांगून झालं होतं, सिस्टरनी सांगून झालं होतं. काचेच्या अलीकडं उभा राहून माणूस काय करू शकतो, तर काहीच नाही.

तेव्हा वैशाली डोळे पुसून शांतपणे म्हणाली, आणि फोन आक्काच्या हातात असल्यामुळं मला ते ऐकू आलं, "वन्सं, मी त्या घरची सून. मेंगाई माझीपण. तुमचा नवस मी पुढं चालवते. चपलांच्या बदल्यात चहा. हे घरी येईपर्यंत थेंब नाही."

आक्का तिच्याकडं बघतच राहिली. ज्यांनी वैशालीला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती उठल्यावर चहा घेते, तो घेतल्यावर जागी होते, आणि जागी झाल्याबद्दल पुन्हा घेते. लग्नानंतर तिनं सासूबाईंशी पहिला वाद घातला तो दुपारच्या चहावरून.

"तू? च्या सोडनार?"

"आत्तापासून."

"डोकं दुकंल तुजं."

"जड जाईल असंच द्यायचं असतं ना?"

आक्कानं फोन मांडीवर ठेवला. डोळे मिटून हात जोडले. ओठ हलत होते. देवीला काय सांगितलं ते तिलाच ठाऊक. मग खाली न बघता डावा पाय पुढं केला. सिस्टरनी सपात घातली. उजव्या पायाला पट्टीवरून मोठी घालावी लागली.

संध्याकाळी मी शेवटचे किरण घेतले. पेटीत पडून लग्न आठवायला गेलो, पण काही केल्या आठवेना. नुसता आक्काचा पाय दिसत राहिला.

वाट बघणं

रक्ताचा रिपोर्ट यायला जो वेळ गेला, त्याचं वर्णन मला जमणार नाही. मला सुचणारे विनोदसुद्धा त्या वेळात सुचेनासे झाले. आतला कारखाना बंद पडला आहे हे कळत होतं. हिरड्यांतून पुन्हा रक्त यायला लागलं. बाहेरून रक्त चढवत होते. वैशाली काचेपाशी डोकं टेकून बसायची. तिचं डोकं खरंच दुखत होतं, पण औषधाची गोळीसुद्धा घेईना, म्हणाली ती चालेल का ते वन्संना विचारते.

रिपोर्ट आला. रक्त स्वच्छ होतं. जंतू पायाच्या वर चढले नव्हते. मॅडमनी हे दारातच, उभ्या उभ्याच सांगितलं.

ठरल्यापेक्षा उशिरा आक्काच्या पेशी काढल्या. पिशवी आली. टोमॅटोच्या साराचा रंग. एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर मला वाटलं होतं काही मोठं ऑपरेशन असेल. साध्या सलाईनसारखी लावली, आणि तासाभरात संपली. मी सिस्टरना विचारलं, "झालं?" त्या म्हणाल्या, "झालं. आता त्यांनी काम करायचं."

पुढचे दिवस वाईट गेले. तोंडात फोड, थुंकी गिळता येईना. एका संध्याकाळी मला सडकून ताप भरला आणि आम्हा दोघांच्याही मनात एकच विचार आला, पाय. वैशालीनं आक्काला फोनवर सांगितलं, झोपलेत, छान आहेत. तो ताप दुसऱ्याच कारणाचा निघाला, पण आक्काला तो अजून माहीत नाही. हे वाचलं तर कळेल. तिला चष्मा मीच दिलाय, पण ती वाचत नाही.

मग एका सकाळी मॅडम हसत आल्या. रक्तात पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या होत्या. "ह्या तुमच्या नाहीत बरं का, ताईंच्या आहेत." मी घरी आलो त्या दिवशी वैशालीनं पातेल्यावर पातेलं चहा केला आणि पहिला कप देव्हाऱ्यापुढं ठेवला.

तुमच्या घरात कुणाला मगज देणारं माणूस सापडलं, तर डॉक्टर त्याला खूप काही विचारतील. साखर, रक्तदाब, जुने आजार. एक प्रश्न ते विचारणार नाहीत, तो तुम्ही विचारा. नवस काय बोललाय? आणि तो पायाचा असेल तर आधी बदलून घ्या. देवीला चालतं. निदान आमच्या देवीला चाललं.

सगळं संपलंय असं नाही. भीती गेलेली नाही, ती तपासणीच्या आदल्या दिवशी येऊन बसते. गेल्या महिन्यात हातांवर, पाठीवर लाल चट्टे उठले. मॅडम म्हणाल्या, बहिणीच्या पेशींना तुमची कातडी परकी वाटते, म्हणून त्या भांडतात. थोडं भांडण ठीक, जास्त झालं तर अवघड. औषध वाढवलं. मी घाबरलो होतो, पण सांगताना आवाज हलका ठेवून आक्काला फोन लावला. पलीकडं म्हैस ओरडत होती.

"आक्का, तुझ्या पेशी माझ्याशी भांडतायत."

"कुनाशी?"

"माझ्याशी. अंगावर चट्टे उठलेत."

तिनं आधी म्हशीला दटावलं. मग म्हणाली, "घर सोडून गेल्या न्हाईत न्हवं?"

"नाही. रक्तात त्याच आहेत सगळ्या."

"मंग नांदत्याल. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर पयलं वरीस भांडी वाजायचीच. तू फकस्त खाजवू नगंस."